वासरू, बैल, रेडा आणि दामूदादा

दामूदादानं मला कधी उलट उत्तर दिलं नाही. आवाज चढवला नाही, हातातली वस्तू आपटली नाही. तरीही माझ्या आयुष्यात मला सगळ्यांत जास्त धक्के या माणसानं दिले. मी जुन्या गाड्यांच्या धंद्यातला. समोरचा काय लपवतोय हे ओळखण्यावरच माझी भाकरी. सहसा मी दचकत नाही. पण हा हाडकुळा, मान खाली घालून काम करणारा माणूस काही ना काही असं करायचा की मी तोंड उघडं टाकून उभा राहायचो, आणि मग सवयीप्रमाणे भडकायचो.

आटगाव फाट्याच्या अलीकडे हायवेला लागून माझी जागा आहे. पंक्चरच्या टपरीपासून सुरुवात केली, कुणाच्या ओळखीनं वर आलो नाही. आलो तो भाव पाडण्याच्या कलेवर. घेताना पाडायचा, विकताना चढवायचा. माझ्याशी घासाघीस करून जिंकलेला माणूस शहापूर तालुक्यात नाही असं मी उघड सांगतो, अजूनही सांगतो.

दामूदादा पहिल्यांदा आला तेव्हा माझ्याकडे कल्याणच्या एका डॉक्टरची काळी गाडी होती. इंजिन चोख. पण ड्रायव्हर रोज सकाळी कोरड्या फडक्यानं धूळ पुसायचा. धुळीसकट घासलेला काळा रंग उन्हात उभा केला की कोळ्यानं जाळं विणल्यासारखा दिसतो. गिऱ्हाईक आलं की पहिली नजर तिथंच. भिवंडीचे दोन पॉलिशवाले येऊन, गाडीला एक चक्कर मारून भाव सांगून गेले होते. मग कुणीतरी मुरबाडकडच्या या माणसाचं नाव सांगितलं. एसटीनं आला, खांद्याला गोणपाटाची पिशवी, हातात मशीन.

“किती घेणार?” मी विचारलं.

“आधी गाडीला विचारतो, शेठ.”

“गाडी माझी आहे. मला विचार.”

त्यानं अंगातला शर्ट काढला, उलटा केला आणि पुन्हा घातला. मला वाटलं, डोक्यानं गेलेला दिसतोय. माझ्याकडे बघून म्हणाला, “बटणं, शेठ. वाकला की रंगाला लागतात.” मग हातातलं कडं काढलं, पट्टा काढला, मोबाइल जेवणाच्या डब्यावर ठेवला आणि पिशवीतून तीन झाकणाचे डबे काढून ओळीनं मांडले.

पहिल्यात काळा, मऊ स्पंजाचा पॅड. त्याचं नाव वासरू. दुसऱ्यात नारिंगी, जरा घट्ट स्पंजाचा. तो बैल. तिसऱ्यात लोकरीचा, केसाळ. तो रेडा. प्रत्येकाचं कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, वेगळं. वासराला दह्यासारखं गुळगुळीत, बैलाला त्याहून जाड, रेड्याला बोटांत धरलं तर कचकच लागणारं. एकाचा घास दुसऱ्याच्या तोंडी कधी जायचा नाही. रेड्याचं कंपाउंड चुकून वासराला लागलं तर तो पॅड फुकट गेला, कारण मऊ स्पंजात अडकलेला एक जाड कण अख्ख्या बॉनेटवर गोल गोल रेघा ओढतो.

त्यानं चिकटपट्टीनं बॉनेटवर वीतभर चौकोन आखला. भिवंडीवाल्यांनी सरळ लोकरीचा पॅड काढला असता. यानं वासरू लावलं. मशीन हळू फिरवलं, चौकोन पुसला, बॅटरीचा उजेड तिरपा टाकून बघितलं. जाळं थोडं राहिलं होतं. मग बैल. पुन्हा पुसलं. जाळं गेलं. त्यावरून परत एकदा वासरू, बैलाच्या पावलांचे ठसे पुसायला, असं तो म्हणाला. रेड्याच्या डब्याचं झाकण उघडलंच नाही.

मग दोन्ही पॅड घेऊन माझ्या टेबलाशी आला, समोर ठेवले आणि म्हणाला, “बघा.”

ही त्याची पद्धत. शेवटपर्यंत. काम काय निघालं हे तो तोंडानं सांगायचा नाही. पॅड समोर ठेवायचा. पॅडवर काय आलंय त्यावरून कळायला हवं. मला तेव्हा काही कळलं नव्हतं. मी म्हटलं, “बघितले. आता भाव बोल.”

त्यानं भाव सांगितला आणि मला पहिला धक्का बसला. भिवंडीवाल्यांपेक्षा तो बराच कमी होता. “रेड्याची गरज नाय, म्हणून कमी,” तो म्हणाला. दुसरा कुणी असता तर हो म्हणून मोकळा झाला असता. पण माझी जीभ! मी सवयीनं निम्मा भाव सांगितला. त्यानं डबे मिटले, शर्ट सुलटा केला, “येतो, शेठ,” म्हणाला आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागला. मी वाट बघितली. समोरचा दहा पावलं गेला की वळतो, हा माझा हिशेब. हा वळला नाही. शेवटी मला मोटरसायकल काढून थांब्यापर्यंत जावं लागलं. तिथं तो बाकावर बसून शांतपणे डबा खात होता.

“चल,” मी म्हटलं.

“जेवतो आधी,” तो म्हणाला.

त्यानंतर सहा वर्षं माझ्याकडे येणारी प्रत्येक गाडी त्याच्या हाताखालून गेली.

त्याच्या नियमांनी मी वैतागायचो. त्यातला सगळ्यांत वेडगळ नियम म्हणजे खाली पडलेला पॅड पुन्हा गाडीला लावायचा नाही. एकदा कोरा करकरीत बैल त्याच्या हातून निसटून मातीत पडला. त्यानं तो उचलला आणि बाजूला टाकला. मी पेटलो.

“अरे धू! साबण आहे, पाणी आहे!”

“माती निघंल, शेठ. वाळूचा कण निघाला का नाय, ते कसा समजणार?”

“तू काय सोवळ्यात आहेस?”

तो हसलासुद्धा नाही. तो घरी गेल्यावर मी तो पॅड स्वतः धुतला, वाळवला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या येण्याआधी मशीन घेऊन एका निळ्या गाडीच्या दारावर चालवला. त्याला दाखवायचं होतं. चार फेऱ्यांनंतर पुसलं तर दारावर कंपासनं काढल्यासारखी वर्तुळं. एकात एक, एकात एक. मी तसाच उभा. मागून दामूदादा आला होता. त्यानं शर्ट उलटा केला आणि दार दुरुस्त करायला बसला. ते दार त्याचे दोन दिवस खाऊन गेलं. संध्याकाळी जाताना त्यानं तो पॅड माझ्या ऑफिसच्या दारात ठेवला. पाय पुसायला.

रंगावरच्या पारदर्शक थराला तो साय म्हणायचा. “कंपनी एकदाच साय देते. प्रत्येक वेळी आपण थोडी काढतो. काढलेली परत धरत नाय.” घासता घासता हाताची मागची बाजू पत्र्याला लावायचा. तापला की थांबायचा. कडेला, घडीला, जिथं थर पातळ असतो तिथं आधी पट्टी चिकटवायचा. किन्हवलीचा एक पोल्ट्रीवाला त्याची जीप घेऊन आला होता. बॉनेटवर खोल ओरखडे. “रेडा लाव रे तुझा,” तो दरडावत होता. दामूदादानं बोट फिरवून बघितलं. “हितं साय संपलेली हाय, भाऊ. घासला तर खालचा दिसंल. ओरखडा र्‍हाऊ द्या.”

गिऱ्हाईक तणतणत दुसरीकडे गेलं. मी त्याच्या पाठमोऱ्या जीपकडे बघत दामूदादाला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. पुढच्या आठवड्यात तीच जीप परत आली. बॉनेटच्या घडीवर रंग उडून करडं अस्तर दिसत होतं, तळहाताएवढं. पोल्ट्रीवाला माझ्याकडे बघत नव्हता, दामूदादाकडे बघत होता. आणि दामूदादा म्हणाला, “चहा घेणार का, भाऊ?” बस, एवढंच. मी असतो तर त्याला हायवेवर उभं करून गावाला ऐकवलं असतं.

आता लाल गाडीचं सांगतो. त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

कल्याणच्या एका दलालाकडून मी एक लाल गाडी घेतली. त्या सौद्याचा मला इतका अभिमान होता की आल्या आल्या मी शेजारच्या गॅरेजवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं. दलाल एका चहात उतरला होता. मी आकडा फेकला, त्यानं डोकं खाजवलं आणि हो म्हणाला. भाव पाडण्याच्या भरात मी गाडीचं दार उघडून नीट वाकूनसुद्धा बघितलं नव्हतं. हे मी आज लिहितोय. तेव्हा हे मला स्वतःलाही माहीत नव्हतं.

दामूदादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “एवढ्या लवकर उतरला?”

“माझ्यासमोर कोण टिकतो?”

तो गाडीकडे गेला.

तिला गिऱ्हाईकही लगेच मिळालं. मुरबाडकडचे एक प्राथमिक शाळेतले गुरुजी. गरीब स्वभावाचे, भावात कच्चे. त्यांच्या आईची किडनी गेली होती, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला उल्हासनगरला न्यावं लागायचं. एसटीनं म्हातारीला झेपत नव्हतं. फोनवरच सौदा पक्का झाला होता. ते अकराला आले, गाडीभोवती फिरले, दारावर हात फिरवला. गाडी आरशासारखी चमकत होती. जाता जाता त्यांनी सहज विचारलं, “काय दादा, गाडी कशी वाटते?”

आणि दामूदादानं बॉनेटवर फडकं पसरून हातानं घासायचे दोन छोटे पांढरे पॅड ठेवले. एक पांढराच, एक लाल झालेला.

“हा बॉनेटचा, गुरुजी. पांढराच र्‍हायला. कंपनीच्या रंगावर साय असते, पॅडला रंग येत नाय. आणि हा दुसरा डाव्या दाराच्या आतल्या खांबाचा, पुढच्या काचेच्या बाजूचा. बघा कसा लाल झाला.”

“म्हणजे?”

“म्हणजे खांब मागाहून रंगवलेला हाय. दार ठोकरला तर लोक दार रंगवतात. आतला खांब कोण रंगवील? कापून जोडला तरच रंगवायला लागतो.”

गुरुजींचा चेहरा उतरला. माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि हळूच म्हणाले, “मी कळवतो, शेठ.” त्यांनी कधी कळवलं नाही.

मी ओरडत सुटलो. रागानं, आणि खरं सांगायचं तर धक्क्यानं. सहा वर्षं माझ्या सावलीत काम करणारा माणूस माझ्याच अंगणात, माझ्याच गिऱ्हाइकासमोर! “तुला पॉलिश करायला ठेवलंय की गाड्या तपासायला? काय बोलायचं ते मला आधी बोलायचं! परक्या माणसाला सांगतोस? माझं नाव घालवलंस!” गॅरेजवाला बाहेर येऊन बघत होता. दामूदादा ऐकत उभा राहिला. मी थकल्यावर त्यानं शर्ट सुलटा केला. सगळी बटणं लावली, वरचंही. डबे पिशवीत भरले. पाण्याचा नळ नीट बंद आहे का ते बघितलं.

“येतो, शेठ,” म्हणाला.

मी थांब्यावर गेलो नाही.

उलट मी काय केलं, तर ती गाडी विकलीच नाही. मीच वापरायला काढली. “जोडलेली म्हणतोस काय? बघ आता!” मुरबाडला काही काम नसलं तरी मी बाजारातून दोनदा चक्कर मारायचो, कधीतरी त्याला दिसावी म्हणून. चार महिने ती गाडी मस्त पळाली. मी घरच्यांना रोज ऐकवायचो, त्या पॉलिशवाल्याला काही कळत नाही.

एका सकाळी असाच मुरबाडला निघालो होतो. एकटाच. किन्हवली मागे टाकून थोडं पुढे गेलो असेन. वेग फार नव्हता. रस्त्यात खड्डा होता, नेहमीचा, त्या रस्त्यावर असतात तसा. डावं चाक त्यात गेलं आणि वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. गाडी डावीकडे बसली, घसरली आणि शेताच्या बांधाला टेकून थांबली. मला खरचटलंसुद्धा नव्हतं. मी डावीकडे बघितलं. समोरचा डॅशबोर्ड आत आला होता. शेजारच्या सीटवर मी पाण्याच्या बाटल्यांचा खोका ठेवला होता, नवा, न फोडलेला. तो पापडासारखा चपटा झाला होता आणि सगळं पाणी माझ्या पायाशी आलं होतं.

शेतातले लोक धावत आले. एका बाईनं आत डोकावून त्या सीटकडे बघितलं आणि ओरडली, “एकलाच होतास ना रे? अजून कोण नाय ना?”

मी नुसता मान हलवत राहिलो.

गॅरेजवाल्यानं खांब उघडून दाखवला. रंग, त्याखाली पुट्टी, आणि पुट्टीखाली दोन वेगवेगळ्या गाड्यांचे पत्रे एकमेकांना डाग देऊन चिकटवलेले. “शेठ, ही अर्धी एक गाडी हाय आणि अर्धी दुसरी. तुमी बघितला नाय घेताना?” तो विचारत होता. चेष्टेनं नाही, त्याला खरंच आश्चर्य वाटत होतं. मी, जो दुसऱ्याच्या डोळ्यांतलं खोटं ओळखतो असं सांगत फिरतो, त्यानं माझ्यापुढे मान तुकवणाऱ्या दलालाला बघितलं आणि गाडी बघितलीच नाही. दोन रात्री मला त्या चपट्या खोक्याशिवाय काही दिसत नव्हतं.

तरीही मी दामूदादाकडे गेलो तो आभार मानायला नाही. भांडायला गेलो. माझा मुद्दा साधा होता. तुला माहीत होतं, तर तू मला का सांगितलं नाहीस? गुरुजींना सांगतोस, ज्यांची तुझी ओळख नाही. मी तुझा कोण?

सरळगावच्या पुढे, रस्त्याच्या कडेला त्यानं चार खांबांवर पत्रे टाकून जागा केली होती. तो उलटा शर्ट घालून एका छोट्या चंदेरी गाडीचं मागचं दार करत होता. गाडीत पुढच्या सीटवर एक म्हातारी बसली होती, पाय पुढे पसरून, हातावर सुयांच्या डागांवर पट्टी.

“कोण रे हा?” तिनं काचेतून विचारलं.

“शहापूरचे शेठ, आजी.”

“लाल गाडीवाला?”

“तेच.”

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “बस की मग, उभा का? मी काय उतरणार नाय हा. पाय सुजलेत. माझा मास्तर सरळगावला गोळ्या आणायला गेलाय, तो येईस्तोवर ह्यो चकाकवतोय. मी त्याला म्हटला, मला पण जरा चकाकव.”

मी तिच्याकडे बघायचं टाळलं. दामूदादाला बाजूला घेतलं आणि सरळ विचारलं, “मला आधी का नाही सांगितलंस?”

त्याला खरंच नवल वाटलेलं दिसलं. “सांगितलेला, शेठ. सकाळीच. तुमच्या टेबलावर दोन पॅड ठेवले. तुमी फोनवर टायरवाल्याशी भाव करत होता.”

आणि मला आठवलं. फोनवर हात ठेवून मी म्हणालो होतो, टेबल कशाला घाण करतोस, उचल ते. तो उभाच राहिला होता. “बघा, शेठ,” म्हणाला होता. मी म्हणालो होतो, बघितलं, बघितलं, चमकव तू. लाल डाग पडला होता टेबलाच्या काचेवर. तो मीच फडक्यानं पुसला होता.

“तोंडानं सांगायचं होतंस!” माझा आवाज चढला. “तोंड दिलंय ना देवानं?”

“तोंडानं सांगितला असता तर तुमी भाव केला असता.”

त्यानं हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. अमुक कंपाउंडाला अमुक पॅड लागतो, अशा सुरात म्हटलं. “तुमी बोलला असता, एक खांब तर हाय. जोड पक्का असंल. गुरुजीला थोडा कमी करून देऊ. मी परत बोललो असतो, तुमी परत बोलला असता. तुमच्याशी बोलण्यात कोण जिंकणार, शेठ? पॅडला बोलता येत नाय. म्हणून पॅड ठेवला.”

त्यानं सांगितलं ते शब्दन् शब्द मी बोललो असतो. गुरुजीला थोडं कमी करून दिलं असतं.

मी आजही म्हणतो, त्यानं तोंडानं सांगायला हवं होतं. निदान एकदा. ही तक्रार माझी गेलेली नाही. पण त्या दिवशी मी तिथं उभा राहून त्याला म्हणालो, परत ये. तुझा भाव तू सांग.

“नाय, शेठ. हितं बरा हाय. लोक गाडी सोडतात आणि जातात.”

“मी पण सोडून जाईन.”

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा हसला. “तुमी?” एवढंच म्हणाला आणि मशीनकडे वळला.

त्यानंतर मी त्याला बघितलेलं नाही. खांदा गेला, मशीन विकलं, पुण्याकडे मुलीकडे राहतो असं ऐकलं. माझ्या डोळ्यांसमोर आहे तो त्या दुपारचाच.

तो मागचं दार संपवून पुढच्या दाराशी आला तेव्हा आजीची मान काचेला टेकली होती. तोंड किंचित उघडं. सकाळी पाचला उठून उल्हासनगरला जाऊन आलेली म्हातारी, झोपली होती. दामूदादानं मशीन चालू केलं नाही. वायर काढून गुंडाळली. मऊ पॅड नुसता हातात घेतला, त्यावर थेंबभर पॉलिश टाकलं आणि दारावर गोल गोल फिरवू लागला, काचेखालच्या पट्टीपाशी, तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर. ती जरा हलली की हात थांबायचा. श्वास पुन्हा लागला की चालू. मशीननं पाच मिनिटांचं काम. हातानं अर्धा तास तरी लागणार होता.

मी माझ्या गाडीत जाऊन बसलो. जुनं डिझेल इंजिन, चालू केलं की सगळा रस्ता दणाणतो. किल्ली लावली होती. ती फिरवली नाही. काच खाली करून, गरम सीटवर, म्हातारी जागी होईपर्यंत बसून राहिलो.